भाऊसाहेब, 'कुठल्या नमुन्यात?' या प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय भाऊसाहेब,

सप्रेम नमस्कार.

ग्रामसेवक म्हणून ज्या वह्या तुम्ही जन्मभर लिहिल्यात, त्या वाचायच्या कशा हे निवृत्तीनंतर आम्हा पालकांना शिकवलंत. त्याचे आभार मानायला हे पत्र. चारचौघांत वाचता येईल असं लिहितोय, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या आईबापांनाही उपयोगी पडेल. दाखला काढून देणारे, साहेबांना फोन लावणारे भेटतात आणि त्यांचे उपकार आहेतच. तुम्ही मात्र 'आमच्या मुलांसाठी काहीतरी करा' हे वाक्यच आमच्या तोंडून सोडवलंत आणि त्याच्या जागी एक प्रश्न दिलात: कुठल्या नमुन्यात (म्हणजे ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या कुठल्या ठरावीक वहीत), कुठल्या शीर्षाखाली (खर्चाच्या खात्यात), किती?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, हे आता बहुतेकांच्या कानावर असतं. पण कशाचे ५ टक्के, इथे गाडी अडते. घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळाभाडं असं गावाने स्वतः उभं केलेलं ते स्वउत्पन्न. वित्त आयोगाचा पैसा त्यात धरत नाहीत. 'गावाला ४० लाख आले, आमचे २ लाख कुठायत?' असं विचारत गेलेला पालक पहिल्याच वाक्याला गप्प बसवला जातो. म्हणून आधी नमुना १, म्हणजे अंदाजपत्रक, आणि मग नमुना ३, म्हणजे वर्षाचा जमाखर्च. पहिल्यात काय ठरवलं ते कळतं, दुसऱ्यात काय झालं ते. दोन्ही शेजारी ठेवून तीन वर्षांचे आकडे एका कागदावर उतरवायचे: स्वउत्पन्न, त्याचे ५ टक्के, प्रत्यक्ष खर्च, शिल्लक. समजा स्वउत्पन्न ६ लाख, म्हणजे आपले ३० हजार. खर्च दिसतोय ९ हजार. आता २१ हजारांबद्दल शांतपणे बोलता येतं, आवाज चढवावा लागत नाही. खर्चाचं प्रमाणक, म्हणजे व्हाउचर, मागायची सवय लावलीत तेही बरं केलंत, कारण 'दिव्यांग कल्याण' या शीर्षाखाली कधीकधी खांबावरचे दिवेसुद्धा लागलेले असतात.

मार्चअखेरच्या वाटपावर तुमचा राग. ३० हजार, २० माणसं, माणशी दीड हजार, एक फोटो, विषय संपला. हातावर पोट असलेल्या घरात दीड हजारही मोलाचे असतात, त्यामुळे यावर आमचं तुमचं पूर्ण जमणार नाही. पण गावच्या यादीत 'गरज' असा रकानाच नसतो म्हणून सगळ्यांना सारखं वाटून मोकळं होतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. यादी आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला बरोबर घेऊन घरोघर करायची. वय, दिव्यांगत्वाचा प्रकार, दाखला (आहे, अर्ज केलाय, की अर्जच नाही), सांभाळणारं कोण, आणि गरज. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. गावच्या यादीत बहुधा दिसतात ते पायाने अधू आणि दृष्टिहीन. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया ही माणसं घरात असतात, कागदावर नसतात. आणि गरज विचारताना तुमचा टोला कायम लक्षात ठेवावा लागतो: हे लेकराला हवंय की तुम्हाला? बाप 'व्हीलचेअर' म्हणून मोकळा होतो, मुलगी म्हणते शौचालयाचं दार रुंद करा.

रॅम्पचा हिशेब तुम्ही खडूने जमिनीवर मांडलात, तो तसाच इथे देतो. शाळेला तीन पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे उंची ४५. उतार १:१२ हवा, म्हणून ४५ गुणिले १२, लांबी ५४० सेंटिमीटर, साडेपाच मीटरला थोडं कमी. अंगणात सरळ जागा ३ मीटर असली की गवंडी तेवढ्यातच बसवून देतो आणि उतार १:७ च्याही पुढे जातो. अशा रॅम्पवर खुर्ची चढवताना मागच्याचा पाय सुटतो, उतरवताना खुर्ची हातातून पुढे पळते. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवायचा, लांबी कापायची नाही. वर दारापुढे दीड मीटर सपाट जागा सोडायची, नाहीतर उतारावर खुर्ची धरून एका हाताने दार ओढावं लागतं. रुंदी १.२ मीटर, दोन्ही अंगांना कठडा, चकचकीत फरशी नको. ठरावात नुसतं 'रॅम्प बांधणे' लिहिलं तर हे सगळं गवंड्याच्या मर्जीवर राहतं. मापं ठरावात लिहिली तर ती कामाच्या अंदाजपत्रकात उतरतात, आणि मोजमाप पुस्तिका भरताना अभियंत्यालाही ती समोर ठेवावी लागतात.

ग्रामसभेचं तंत्र तर तुमच्याकडूनच घ्यावं. सूचना सात दिवस आधी लागते. गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी संख्या. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. 'आज सभा झालीच नाही' म्हणून घरी परतलेला पालक नेमका इथे चुकतो. अर्ज सभेआधीच द्यायचा, एका अर्जात एकच मागणी, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. सूचक-अनुमोदक आदल्या दिवशीच ठरवायचे. अनुमोदक शक्यतो ज्याच्या घरात दिव्यांग कुणी नाही असा. सभेनंतर प्रोसिडिंगची (इतिवृत्ताची) नक्कल मागायची आणि शब्द बघायचे. 'चर्चा करण्यात आली' म्हणजे काही झालं नाही. 'सर्वानुमते ठरले' आणि पुढे रक्कम, शीर्ष, कुठल्या महिन्यापर्यंत, हे हवं. वेळही महत्त्वाची. २६ जानेवारीच्या सभेत मागणी मांडली तर बहुतेक उशीर झालेला असतो, तोवर अंदाजपत्रकाचे आकडे जुळलेले असतात. आपली सभा २ ऑक्टोबरची.

शाळेच्या बाबतीत तुम्ही दाखवलेली एक ओळ फार थोड्यांना ठाऊक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि त्यांत वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मूल या गटात येतं. म्हणजे समितीत बसणं हा कुणाचा उपकार नाही. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. रॅम्प, स्वच्छतागृह, विशेष शिक्षकाच्या भेटीचे वार हे त्यात लिहून घ्यायचं असतं.

माहिती अधिकाराच्या अर्जात 'का' विचारायचं नाही, कागद मागायचा. 'निधी खर्च का केला नाही?' याला उत्तर 'सदर बाब माहितीच्या व्याख्येत येत नाही'. 'नमुना ३ मधील दिव्यांग कल्याण शीर्षाखालील प्रमाणकांच्या प्रती' याला प्रती द्याव्या लागतात. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. तीन विषय एकत्र घातलेला अर्ज सहज परत येतो.

वरच्या पायऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथे अजून आमची चाल अडखळती आहे. २०१६ च्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी कार्यालयात दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी हवा. त्याचं नाव फलकावर आहे का, इथूनच सुरुवात. पुढे पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. त्याच कायद्याच्या कलम ४८ मध्ये योजनांच्या सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आहे, आणि गावोगावचे तीन-तीन वर्षांचे ते कागद एकत्र केले तर त्यासाठी तयार पुरावाच होतो. अठरा वर्षांवरच्या मुलांच्या पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखालची जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती. पण ती फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वापुरती. तुम्ही ही चौकट आधीच सांगितली नसती तर बाकीच्या पालकांचे हेलपाटे झाले असते.

कळावे, लोभ असावा.

आपले,
तालुक्यातील दिव्यांग मुलांचे पालक

ता. क. तुम्ही आखून दिलेल्या तक्त्यात 'शिल्लक' या रकान्यापुढे आणखी एक रकाना वाढवलाय: 'शिल्लक पुढच्या वर्षाच्या नमुना १ मध्ये आली का?' बरोबर आहे ना, तेवढं कळवा.