रविवारच्या साहित्य संमेलनाची आठवण

सभासद बंधू-भगिनींनो, रविवारी सकाळी ८ वाजता मारुती मंदिरापासून ग्रंथदिंडी निघेल. पालखीचे भोई, लेझीम पथक आणि कलश घेणाऱ्या महिलांनी साडेसातलाच यावे. गेल्या वर्षी दिंडीला उशीर झाला आणि शेवटी कविसंमेलनच आटोपते घ्यावे लागले. गावच्या नवोदित कवींना व्यासपीठ मिळाले नाही, याचे फार वाईट वाटले. यंदा तसे होऊ देऊ नये.

बेळगावने १९२९, १९४६ आणि २००० साली अखिल भारतीय संमेलन भरवले. इंदिरा संत याच मातीत लिहित्या राहिल्या. आपल्या मुलांना शाळेत मराठी कमीच वाचायला मिळते, म्हणून त्यांना पुस्तकांच्या स्टॉलवर नक्की आणा, एक तरी पुस्तक घेऊन द्या. जेवणासाठी तांदूळ-भाजी शनिवारी संध्याकाळपर्यंत वाचनालयात पोचवावी.