शनिवारी तिसरीच्या मुलांचं ठसेकाम

नमस्कार पालकहो,
येत्या शनिवारी सकाळी ८ ते १० या वेळेत मुलं वर्गातच ठसेकाम शिकणार आहेत. सोबत एवढं द्या:

• दोन जून भेंड्या (कोवळी दाबली की चेपते, जून भेंडीचं पाच पाकळ्यांचं फूल छान उमटतं)
• अर्धा बटाटा, घरीच कापून, पुसून कोरडा केलेला. ओल्यावर रंग पसरतो.
• जुना शर्ट, रद्दी

सुरी, कटर दप्तरात अजिबात नको. मुलं बोथट पेन्सिलीनेच कोरतील. रंग, कागद शाळा देईल.

कृपया घरी सराव घेऊ नका. कोरलेलं अक्षर कागदावर उलटं का आलं, हे मुलांनाच शोधू द्या.

मदतीला दोन पालक हवेत. गुरुवारपर्यंत इथेच नाव कळवा.