टेबलावरचे पाणी पुसणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हाताच्या थरथरीसाठी माझ्या मेंदूत इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचा सौम्य प्रवाह देणारी बारीक तार, बसवून आता बरेच महिने झाले, तरी आपले आभार मानायचे राहूनच गेले होते. हे पत्र मी भाचीला तोंडी सांगून लिहून घेत आहे, कारण हाताने सलग लिहिणे मला अजूनही जमत नाही. आणि ते बहुधा जमणार नाही, हे आपण शस्त्रक्रियेपूर्वीच मला स्पष्ट सांगितले होते. माझ्या कृतज्ञतेचा मोठा भाग त्या स्पष्टपणासाठी आहे.

थरथर म्हटली की आपल्याकडे सर्वांना पार्किन्सनचा कंपवातच आठवतो. त्या आजारात हात मांडीवर ठेवलेला असताना हलतो. माझा हात मांडीवर शांत असायचा. चहाच्या कपाकडे नेला की मात्र कप जितका जवळ येईल तितका तो अधिक उसळायचा, आणि तोंडाशी पोहोचेपर्यंत कपात फारसे काही उरत नसे. पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ साली मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे मज्जातंतूंचे आवरण झिजवणाऱ्या माझ्या आजाराचे, वर्णन केले, तेव्हाच अशा थरथरीची या आजाराच्या लक्षणांत नोंद केली होती. असे असताना, त्यानंतर दीडशे वर्षांनी एका नामांकित तज्ज्ञांनी ती माझ्या मनाची अवस्था ठरवावी आणि झोपेच्या गोळ्या लिहून द्याव्यात, याचे मला आजही नवल वाटते. दुसऱ्या एकांनी माझ्याकडे न पाहता माझ्या यजमानांना सुचवले, "आता यांना भरवत जा, उगाच खटपट कशाला?" तिसऱ्या ठिकाणी मला तपासण्याआधीच खर्चाचा आकडा सांगण्यात आला, आणि बटण दाबताच थरथर थांबेल असे आश्वासनही मिळाले. मी तिथे बसले होते, ऐकत होते, आणि माझी वाचा शाबूत होती, याची यांपैकी कोणीही दखल घेतली नाही.

आपल्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आपण मला एका पेल्यातले पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला सांगितले. ही चाचणी मला पाठ होती. पाणी सांडणार, मग कोणीतरी मावशींना हाक मारणार, मावशी फडके घेऊन येताना काहीतरी पुटपुटणार, आणि यजमान खिशातला रुमाल काढून ओशाळे हसणार, हा क्रम माझ्या अंगवळणी पडला होता. त्या दिवशीही पाणी सांडले, टेबलावर पसरले आणि आपल्या कागदांपर्यंत गेले. आपण कागद उचलले, खणातून एक फडके काढले आणि स्वतः टेबल पुसले, पुसता पुसता माझ्याकडेच पाहून विचारले, "हात थोडा स्थिर झाला, तर तुम्हाला त्याच्याकडून सर्वांत आधी काय करून घ्यायचे आहे?" आवाजात कीव नव्हती, घाईही नव्हती. यजमानांनी उत्तर द्यायला तोंड उघडले, तेव्हा आपण हाताने त्यांना थांबवले. मी म्हणाले, "चहा. माझा मला." आपण ते माझ्याच शब्दांत फाइलमध्ये लिहून घेतलेत.

एवढेच घडले होते, पण मॅडम, आजार सुरू झाल्यापासून माझ्या हातून सांडलेल्या वस्तूंबद्दल कोणाच्याही चेहऱ्यावर काहीच न उमटण्याची ती पहिली वेळ होती.

नंतर आपण जे समजावलेत, ते मी नातेवाइकांना अजून सांगत असते. लहान मेंदूकडून थॅलॅमसकडे, म्हणजे मेंदूच्या आतल्या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राकडे, जाणाऱ्या मार्गावरील मज्जातंतूंचे आवरण या आजाराने खाल्लेले असते, म्हणून हाताला आपला नेम धरता येत नाही. इलेक्ट्रोड थॅलॅमसमधील बिघडलेल्या संदेशांत हस्तक्षेप करतो, पण आवरण पुन्हा तयार करत नाही आणि आजाराची चालही थांबवत नाही. फ्रान्समधील ग्रेनोबलमध्ये मेंदूचे शल्यविशारद बेनाबिद यांनी १९८७ मध्ये या उपचाराची वाट खुली केली, अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली, परंतु ती पार्किन्सनच्या थरथरीसाठी आणि एसेन्शियल ट्रेमरसाठी (दुसऱ्या आजाराविना होणाऱ्या थरथरीसाठी), आमच्या आजारासाठी नव्हे, हेही आपण लपवले नाहीत. फ्लोरिडा विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अवघे १२ रुग्ण होते, हे सांगून आपण म्हणालात, "मी तुम्हाला आशा देते आहे, हमी नाही." थरथर कमी झाली तरी हाताचा बेतालपणा आणि अशक्तपणा राहील, आणि आजार वाढला तर मिळालेला फायदा ओसरूही शकेल, असेही आपण बजावलेत. आम्हाला एमआरआय पुन्हा पुन्हा लागतो, म्हणून तो करता येईल असेच यंत्र निवडण्याचा आग्रह आपण धरला. खर्चाचा आकडा आधी सांगणाऱ्यांनी याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

शस्त्रक्रियेबद्दल लिहीत नाही, ती आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. विद्युतप्रवाह कमीजास्त करून योग्य मात्रा सापडायला बराच काळ गेला आणि मधल्या काळात माझी चिडचिड आपण सहन केलीत, त्याचे वेगळे आभार. आज मी अर्धा कप चहा दोन्ही हातांनी धरून स्वतः पिते. चालण्यात फरक नाही, सही अजून बँकेला पटत नाही. बँकेतली नवी मुलगी मात्र अंगठ्यासाठी शाईचा पॅड घेऊन स्वतः माझ्या खुर्चीपाशी येते, आणि तेवढा वेळ रांगेतले लोकही कुरकुर न करता थांबतात. अशी माणसे वाटते त्याहून पुष्कळ असावीत. पांढऱ्या कोटात ती जरा कमी भेटतात, एवढाच माझा अनुभव आहे.

पुढच्या तपासणीला येईन तेव्हा पाण्याची चाचणी जरूर घ्यावी. अजूनही थोडे सांडेल.

आपली कृतज्ञ,
आपली एक रुग्ण