संघ बदलला, पदवीचे काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून अंडाकृती चेंडूने खेळतात तो. माहिती चांगली होती, पण दर वर्षी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंना लेखकाने ‘विकाऊ’ म्हटले आहे, ते वाचून वाईट वाटले. ओहायोतल्या एका विद्यापीठात गेली नऊ वर्षे मी खेळाडूंची संख्याशास्त्राची शिकवणी घेते. वर्गात नव्हे, संध्याकाळच्या अभ्यासिकेत, एकेकाला समोर बसवून. ही मुले जवळून पाहते, म्हणून लिहावेसे वाटले.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचे, आपल्याकडच्या फुटबॉलचे सामने बघत वाढले. पेठेतला पोरगा पुढच्या हंगामात दुसऱ्या तालमीच्या जर्सीत दिसला की आमच्या घरात दोन दिवस दुसरा विषय नसे. त्यामुळे चाहत्यांचा राग मला पुरता कळतो. पण त्या पोराची फक्त जर्सी बदलायची. त्याचे कॉलेज तेच, बाक तोच, परीक्षाही तीच. इथे संघ बदलला की विद्यापीठ बदलते, राज्य बदलते, अभ्यासक्रम बदलतो. लेखात नेमके हेच आलेले नाही.

मी शिकवायला लागले तेव्हा दुसऱ्या कॉलेजशी नुसते बोलायचे तरी मुलाला आधी आपल्या कॉलेजची परवानगी लागे. अमुक कॉलेजला जायचे नाही, असेही कोच बजावू शकत. एवढे करून गेलाच, तर पहिले वर्ष सामन्याला बाहेर बसून काढायचे. 15 ऑक्टोबर 2018 रोजी ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, सुरू झाले आणि परवानगीची भानगड संपली. मुलाने कळवले की कामकाजाच्या दोन दिवसांत कॉलेजने त्याचे नाव यादीत टाकायचे, मग कोणत्याही कॉलेजचा कोच त्याला फोन करायला मोकळा. 2021 मध्ये पहिल्या बदलापुरती बाहेर बसण्याची अट गेली. 2024 मध्ये तर कितीही वेळा बदला, अभ्यासात पात्र असलात की झाले, असा नियम झाला. दरम्यान 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून कमाईची मुभा मिळाली. आणि न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार 1 जुलै 2025 पासून विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना रक्कम वाटू शकते, 2025-26 या पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. आकडा सगळ्या खेळांचा मिळून आहे, पण बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलकडेच जातो.

हे सगळे व्हायलाच हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. कोच पूर्वीपासून हवे तेव्हा जात आलेत. 2021 मध्ये लिंकन रायली ओक्लाहोमा विद्यापीठ सोडून यूएससीला, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. 2025 च्या नोव्हेंबरअखेर लेन किफिन यांनी 12 पैकी 11 सामने जिंकलेला ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठाचा) संघ ऐन प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या, तोंडावर सोडला आणि एलएसयूची (लुइझियाना स्टेट विद्यापीठाची) वाट धरली. टीका झाली, पण ‘वर्षभर मैदानाबाहेर बसा’ असे कुठल्याही नियमाने त्यांना सांगितले नाही. मग एकोणीस वर्षांच्या पोरालाच निष्ठेचे धडे कशासाठी?

पोर्टलने काय साधते तेही दिसले आहे. 2023 मध्ये 12 पैकी 9 सामने हरलेल्या इंडियाना विद्यापीठाकडे कोच म्हणून कर्ट सिग्नेटी आले, येताना जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले डझनभर खेळाडू घेऊन आले. 2025 च्या हंगामात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेला फर्नांडो मेंडोझा त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू होता. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी त्याने जिंकली आणि राष्ट्रीय विजेतेपद इंडियानाने.

पण माझ्या टेबलासमोर बसतो तो मेंडोझा नसतो. गेल्या जानेवारीतली गोष्ट सांगते. सेमिस्टर सुरू होऊन आठवडा झाल्यावर एक मुलगा आला. जॉर्जिया राज्यातला, पावणेसहा फुटांचा, डाव्या हाताची दोन बोटे पांढऱ्या टेपने एकत्र बांधलेली. तीन वर्षांत त्याचे हे तिसरे विद्यापीठ. पाकिटात जुन्या दोन विद्यापीठांची ओळखपत्रे अजून होती, तिसऱ्याचे तयार व्हायचे होते. मी मार्कांचा उतारा मागितला, तर त्याने चार घड्या घातलेला कागद उलगडून ठेवला. त्यावर सल्लागाराने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. बरोबरची खूण म्हणजे त्या विषयाचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी जमा होणारे एकक, नव्या विद्यापीठाने धरले. गोल म्हणजे धरले, पण ‘इतर’ या रकान्यात. म्हणजे क्रेडिट जमा होते, पण मुख्य विषयाच्या पदवीसाठी त्याचा काही उपयोग नाही. मी गोल मोजले, अकरा होते. त्यातला एक संख्याशास्त्राचा. पहिल्या विद्यापीठात तो त्यात ‘बी’ श्रेणी घेऊन पास झाला होता, आणि आता माझ्यासमोर मध्य (सरासरी) आणि मध्यक पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसला होता. ‘मॅडम, हे मला येतं,’ म्हणाला आणि खरोखर सगळी गणिते सोडवून दाखवली. मला त्याच्याकडे बघवेना.

खेळाडूंना पदवीच्या प्रगतीचा एक नियम आहे. दुसरे वर्ष संपेपर्यंत पदवीचा 40 टक्के भाग पुरा हवा, तिसरे संपेपर्यंत 60 आणि चौथे संपेपर्यंत 80. नियम चांगल्या हेतूचा आहे. पण अकरा विषय असे बाजूला पडले की या अटीत बसण्यासाठी मुलगा आपल्याला हवा तो विषय सोडतो आणि ज्यात क्रेडिट बसतील ती पदवी घेतो. या मुलाला फिजिओथेरपिस्ट व्हायचे होते. आता तो कुठल्याशा सर्वसाधारण पदवीच्या वाटेला लागला आहे. त्यात वेळेची ओढाताण. 2026 साठी पोर्टलची खिडकी 2 ते 16 जानेवारी अशी ठेवली आणि वसंत सत्राचे वर्ग साधारण त्याच सुमारास सुरू होतात. म्हणजे कोचशी बोलणी, विमानप्रवास, सही आणि विषयांची नोंदणी, सगळे एकाच पंधरवड्यात. कोणते क्रेडिट धरणार हे विचारायला त्या धावपळीत कुणाला फुरसत असते?

आणि ज्यांना कुणीच घेत नाही त्यांचे काय? नाव पोर्टलमध्ये गेले की जुने कॉलेज सत्राअखेर स्कॉलरशिप बंद करू शकते. जागा तर मोजक्याच. असा एक मुलगा मला ठाऊक आहे. एप्रिलपर्यंत रोज फोनकडे बघायचा, मग अभ्यासिकेत यायचाच बंद झाला. त्याच्या खुर्चीवर मी बरेच दिवस दुसऱ्या कुणाला बसवले नाही.

लेखकाने जो बरो या क्वार्टरबॅकचे उदाहरण दिले आहे. त्याच्याच गोष्टीतला एक भाग मात्र राहिला. बरोने ओहायो स्टेटची पदवी आधी हातात घेतली आणि मग 2018 मध्ये एलएसयू गाठले. पुढची हाइझमन आणि विजेतेपद सगळ्यांना पाठ आहे. पदवी घेऊन निघाल्यामुळे त्याच्या उताऱ्यावर असे गोल उमटायचा प्रश्नच आला नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. मुलांना अडवू नका, पैसेही मिळू द्यात. पण बाहेरचा खेळाडू घेताना, त्याची सही होण्याआधी, त्याचे कोणते क्रेडिट कोणत्या पदवीत धरले जाणार हे विद्यापीठाने लेखी द्यावे आणि ते वाचून दाखवायला माणूस बसवावा. खेळाडूंना वाटायच्या त्या रकमेतला काही भाग, खेळणे संपल्यावर अर्धी राहिलेली पदवी पुरी करू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळा ठेवावा. इथे शिकणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांनीही यात लक्ष घालावे, कारण काही विद्यापीठांत खेळांसाठीचे शुल्क सगळ्याच विद्यार्थ्यांच्या फीमध्ये असते, आपल्या मुलांच्याही.

जॉर्जियाचा तो मुलगा अजून येतो, मंगळवारी आणि गुरुवारी, साडेसहाला. या डिसेंबरमध्ये पुन्हा पोर्टलचा विषय निघाला तर पेन्सिलीचा तो कागद आधी माझ्याकडे घेऊन ये, असे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.

आपली,
मूळची कोल्हापूरची एक वाचक
ओहायो, अमेरिका