जुळ्यांच्या रिपोर्टात ही ओळ हवीच

महोदय,

सोनोग्राफीत जुळं दिसलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, ‘सारखी दिसतील का?’ विचारायला हवं ते हे: दोघांना वार (प्लॅसेंटा) एकच आहे की वेगळी? धोका त्यावर ठरतो, आणि पुष्कळ रिपोर्टांत नेमकी हीच ओळ नसते.

हे ११ ते १४ आठवड्यांतच नीट कळतं. मधला पडदा वारेला मिळतो तिथे जाड त्रिकोण दिसला तर वार वेगळी. बारीक पडदा ‘टी’ अक्षरासारखा काटकोनात टेकला असेल तर एकच. पुढे ही खूण पुसट होते.

वार एकच असेल तर दोघांच्या रक्तवाहिन्या आतून जोडलेल्या असतात. कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जातं. मग एकाभोवतीचं पाणी आटतं, खोली २ सेंमीच्या आत येते. दुसऱ्याभोवती ८ सेंमीच्या वर जाते. म्हणून १६व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. चार-दोन दिवसांत पोट एकदम ताणलं, धाप लागली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. वेळेत कळलं तर लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात.

गुंतागुंत नसेल तर वेगळ्या वारेच्या जुळ्यांची प्रसूती साधारण ३७व्या आठवड्यात, एका वारेच्यांची ३६व्यात करतात. दोघं पाण्याच्या एकाच पिशवीत असतील, मध्ये पडदाच नसेल, तर ३२ ते ३४ आठवड्यांत सिझेरियन. कळा लवकर येण्याची भीती जुळ्यांत कायमच. गडचिरोली-भंडाऱ्याच्या बायांनी रात्री नागपूरच्या मेडिकलकडे (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे) धावण्यापेक्षा नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयात आधीच नाव नोंदवावं.

सोनोग्राफी केंद्रांना कळकळीची विनंती: ‘वार एक’ की ‘वार दोन’, एवढं स्पष्ट लिहा.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, धंतोली, नागपूर