मावळत्या अध्यक्षांना एका खजिनदाराचे आभारपत्र

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आपण अमेरिकेतल्या आपल्या वसाहतीच्या एचओएच्या (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे घरमालकांचा संघ) अध्यक्षपदावरून स्वेच्छेने निवृत्त झालात. सभेत आभाराचा ठराव मांडला गेला, सर्वांनी हात वर केले आणि इतिवृत्तात एका ओळीची नोंद झाली. ती ओळ मला अपुरी वाटली. आपण नेमके काय केले हे बहुतेक रहिवाशांना दिसलेच नाही, कारण मंडळाचे चांगले काम सहसा दिसत नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी खजिनदार झालो त्याच वर्षी कोपऱ्यावरच्या घराच्या कुंपणाबद्दल तक्रार आली. नियम सहा फुटांचा, कुंपण त्याहून उंच, आणि तक्रारदार रोज फोन करणारे. शंभर डॉलर दंड करून विषय मिटवावा, असे मी सुचवले. आपण एवढेच विचारले, "तक्रार आली नसती, तर हे कुंपण आपल्या नजरेत आले असते का?" मग आपण मला मोजपट्टी दिली आणि दोन शनिवार माझ्यासोबत १२० घरांभोवती फिरलात. चौदा कुंपणे सहा फुटांपेक्षा उंच निघाली आणि त्यांतले एक माझे होते.

जो नियम वर्षानुवर्षे कोणालाही लावला नाही, तो अचानक एकाच घराला लावला तर न्यायालयात मंडळाची बाजू लंगडी पडते, हे आपण मला नंतर समजावून सांगितले. त्या दिवशी मात्र आपण कायद्याचा आधार घेतला नाही. चौदा घरांना एकाच तारखेला, एकाच मजकुराचे, तेवढीच मुदत देणारे पत्र जावे आणि दंडाचा विचार होण्यापूर्वी प्रत्येकाला मंडळासमोर म्हणणे मांडता यावे, एवढाच आग्रह धरलात. माझ्या कुंपणाचा विषय निघाला तेव्हा मी दालनाबाहेर बसलो आणि मतदानात भाग घेतला नाही. कोपऱ्यावरच्या घराच्या सुनावणीत (त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे) असे उघड झाले की त्यांची जमीन उताराची आहे; आतून मोजले तर कुंपण नियमात बसते, रस्त्याकडून मोजले तर बसत नाही, आणि उंची कोणत्या बाजूने मोजायची हे आपल्या नियमावलीत कुठेही लिहिलेले नव्हते. चूक नियमाच्या शब्दांची होती. मी सुचवलेला दंड त्या दिवशी झाला असता, तर एका निर्दोष शेजाऱ्याला आपण शिक्षा केली असती.

तरीही सर्वांना एकच नियम म्हणजे न्याय, असा सोपा अर्थ आपण कधी लावू दिला नाहीत. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका रहिवाशाने दारापर्यंत उतार बांधण्याची परवानगी मागितली होती. घरांच्या दर्शनी भागात बदल नको, या नियमावर बोट ठेवून आमच्या समितीने अर्ज नाकारला. आपण तो निर्णय फेरविचारासाठी परत पाठवलात आणि १९८८ मध्ये गृहनिर्माणातील भेदभावविरोधी कायद्यात झालेली दुरुस्ती आम्हाला वाचायला लावलीत. अपंग व्यक्तीला घर नीट वापरता यावे म्हणून स्वखर्चाने करायचा वाजवी बदल तिच्यानुसार संघाला नाकारता येत नाही. पुढच्या सभेत परवानगी मिळाली. समितीतल्या कोणाचाही कमीपणा होणार नाही अशी शब्दरचना आपण स्वतः केली होती, आणि त्या समितीत मीही होतो.

पैशांबाबत आपण जे केले, ते सर्वांत अप्रिय ठरले. वर्गणी न वाढवणारे मंडळ लोकांना आवडते. आपण राखीव निधीचा तक्ता पडद्यावर दाखवून केवळ एकच उदाहरण दिले होते: अंतर्गत रस्त्यांचे नूतनीकरण वीस वर्षांनी करावे लागेल आणि त्याला ३,६०,००० डॉलर लागतील असे धरले, तर आजपासून दर घरामागे महिन्याला साडेबारा डॉलर बाजूला ठेवावे लागतात, काहीच ठेवले नाही, तर त्या वर्षी प्रत्येक घराला एकदम ३,००० डॉलर भरावे लागतात. वीस वर्षांत अनेक घरे विकली जातील, म्हणजे रस्ता झिजवणारे एक आणि पैसे भरणारे दुसरे, हा अन्याय आपण सर्वांसमोर स्पष्ट मांडलात. फ्लोरिडातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी निवासी इमारत कोसळून ९८ माणसे गेली, त्याचाही उल्लेख आपण केला होता. त्या इमारतीतील गंभीर बिघाड अभियंत्याने २०१८ मध्येच नोंदवला होता आणि दुरुस्तीच्या खर्चावरून मालकांमध्ये दीर्घकाळ वाद चालू होते. आपल्याकडे उंच इमारत नाही, पण साठवण तलावाचा बंधारा आहे, आणि त्याची तपासणी आपण त्याच वर्षी करून घेतलीत. वर्गणीवाढीनंतर आपल्याला आलेली काही पत्रे मी वाचली आहेत. तशा भाषेत कोणी कोणालाही लिहू नये. त्या प्रत्येक पत्राला आपण आकड्यांसह, सभ्य शब्दांत उत्तर दिलेत.

सभा चालवण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल थोडेच लिहितो. गणपूर्ती झाल्याशिवाय सुरुवात नाही, विषयपत्रिका आधी सर्वांच्या हाती, प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटे, आणि ती मंडळाच्या सदस्यांनाही. बंद दाराआड फक्त थकबाकी, वकिलाचा सल्ला आणि वैयक्तिक सुनावण्या. इतिवृत्तात कोण काय बोलले याचे वर्णन न करता काय ठरले आणि कोणी कसे मत दिले एवढेच लिहायचे; मात्र विरोधी मत कधीही गाळायचे नाही. बागकामाच्या कंत्राटावर मी एकट्याने विरोधी मत दिले होते आणि ते अध्यक्षांच्या विरोधात होते. इतिवृत्ताच्या मसुद्यात माझे मत राहून गेले, तेव्हा ते आपल्याच हस्ताक्षरात तिथे लिहिलेले मला आढळले.

आपण सोपवलेल्या फायली माझ्याकडे सुरक्षित आहेत. बंधाऱ्याच्या पुढील तपासणीची तारीख नव्या अध्यक्षांना कळवली आहे. मागील दोन निवडणुकांत रिकामी जागा भरण्यासाठी आपल्याला घरोघरी जाऊन विनवावे लागले होते. या वेळी मंडळातील आपल्या जागेसाठी तीन अर्ज आले आहेत.

आपला कृतज्ञ,
खजिनदार, संचालक मंडळ