बर्फाच्या बाटल्या उतरवून आणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही शिखराखालच्या धारेवरून आणलेल्या बर्फाच्या नमुन्यांचं काम प्रयोगशाळेत पूर्ण झालं. अहवालाच्या शेवटी आभाराची एक ओळ छापली जाईल, पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. म्हणून हे पत्र, आणि तेही सर्वांना वाचता येईल असं. नाव घालू नका असं तुम्ही बजावलं होतं, ते पाळते आहे.

आमचं काम बसून करायचं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकचे कण आणि तंतू कुठवर पोहोचलेत, हे शोधायचं. सूक्ष्मदर्शक आहे, मोजणारी माणसं आहेत. अडतं ते नमुन्यांपाशी. वाऱ्याने दूरवरून काय आणून टाकलंय ते जिथे कळेल, तिथवर आमच्यापैकी कुणी चढू शकत नाही, आणि एका बाटलीसाठी मोहीम काढायची तर कुठलंच अनुदान पुरायचं नाही. तुम्ही मात्र तिकडे निघालाच होतात. ‘जातेच आहे, तर तुमच्यासाठी काही आणू का?’ असं तुम्ही आपणहून विचारलंत.

आणणं सोपं नव्हतं, हे तुमच्या नोंदी वाचताना कळलं. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे आपल्या कपड्यांचे तंतू नमुन्यात पडत नाहीत. पावलं न पडलेला बर्फ धातूच्या चमच्याने भरायचा. शेजारी एक रिकामी बाटली तेवढाच वेळ उघडी ठेवायची, म्हणजे हाताळताना काय मिसळलं ते वेगळं काढता येतं. उंची, वेळ, ठिकाण लिहायचं. अंगावर काय काय आहे आणि त्याचा रंग कोणता, तेही लिहायचं. गारठ्यात पेनाची शाई धरत नाही म्हणून तुम्ही पेन्सिलीने लिहिलंय: ‘जॅकेट नारिंगी, हातमोजे काळे, दोर निळा.’ पुढे तिरक्या अक्षरांत, ‘झाकण फिरेना, वरचा हातमोजा काढला.’ त्या उंचीवर हातमोजा काढणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. उतरताना प्रत्येक जण पाठीवरचं ओझं कमी करायला बघतो, आणि तुम्ही त्यात काचेच्या बाटल्या वाढवल्यात.

कपड्यांच्या रंगांच्या त्या एका ओळीचा उपयोग सांगते. बर्फ वितळवून, गाळून, गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा नारिंगी तंतू दिसले. तुमची नोंद नसती तर ते आम्ही वाऱ्याच्या खाती घातले असते. नोंद होती म्हणून ते बाजूला काढले. तरी कागदावर तंतू उरलेच. पारदर्शक, लालसर, केसाहून बारीक, बहुतेक पॉलिएस्टरचे.

निकाल कळवला तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, ‘यात आम्हा गिर्यारोहकांचा वाटा किती?’ या प्रश्नासाठी तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. २०१९ च्या एका वैज्ञानिक मोहिमेत एव्हरेस्टवरून आणलेल्या बर्फाच्या ११ही नमुन्यांत प्लॅस्टिकचे तंतू सापडले होते, अगदी ८,४४० मीटरवरच्या नमुन्यातसुद्धा. सर्वांत जास्त होते बेस कॅम्पवर, लिटरमागे ७९. जिथे तंबू आणि माणसं जास्त, तिथे तंतू जास्त. म्हणजे ज्यांनी नमुने आणले त्यांच्याच कपड्यांकडे, दोरांकडे बोट जात होतं, आणि तरी त्यांनी ते आणून दिले. शिखरावर फलक धरून फोटो काढणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, त्यातून चांगल्या कामाला पैसा उभा राहतो. पण स्वतःच्या छंदाच्या विरोधात जाईल असा पुरावा स्वतःच्या पाठीवरून खाली आणायचा, याला मोठं मन लागतं.

तुमच्यासारखी माणसं समुद्रावरही आहेत. १९९७ मध्ये चार्ल्स मूर शिडाच्या बोटींची शर्यत संपवून हवाईहून परतत होते. नेहमीची वाट सोडून ते प्रशांत महासागराच्या शांत पट्ट्यातून आले, आणि दिवसचे दिवस त्यांना पाण्यावर प्लॅस्टिक तरंगताना दिसत राहिलं. पुढे तेच नमुने घ्यायला पुन्हा तिथे गेले. २०१७-१८ च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत तर धावत्या बोटींवरूनच पाणी गाळलं गेलं, आणि सर्वांत जवळचा किनारा सुमारे २,७०० किलोमीटरवर असलेल्या पॉइंट निमोच्या आसपासही कण मिळाले. संशोधनाची जहाजं त्या भागात क्वचितच फिरकतात.

आणि जॉन रोझ! २००९ मध्ये सुमात्राजवळ लाटांवर स्वार व्हायला गेलेला हा माणूस. पाडांगला भूकंप झाला तेव्हा जवळच बोटीवर होता, बरोबर बालीत द्यायला घेतलेले पाणी शुद्ध करायचे दहा फिल्टर. ते घेऊन तो थेट शहरात शिरला आणि पुढे त्याने हेच काम आयुष्याचं केलं. वाट अवघड असते तिथे मदतीचं सामान उशिरा पोहोचतं, पण तुमच्यासारख्यांना अवघड वाटेची सवय असते. ही सवय तुम्ही दुसऱ्याच्या कामी लावता, याचं मला फार अप्रूप आहे.

आमच्या विद्यार्थ्यांवर काय परिणाम झाला तेही कळवायला हवं. तुमच्या नोंदींची प्रत मोजणीच्या टेबलासमोर लावली आहे. एक मुलगी एकेक तंतू मोजताना कंटाळली होती, ती ते वाचून परत खुर्चीत बसली. मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

तुमच्या कयाकवाल्या मैत्रिणींनाही नमुने घ्यायचे आहेत असं तुम्ही लिहिलंय. हो, जरूर! नदीचं पाणी घेताना बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि तोंड प्रवाह येतो त्या दिशेला धरायचं. बाकी कागद सोबत पाठवते. तुमच्या पुढच्या मोहिमेच्या बाटल्या तयार आहेत. या वेळी झाकणं रुंद आणि खाचांची घेतली आहेत, जाड हातमोज्यातही फिरतील अशी. घरी एकदा हातमोजे घालून फिरवून बघा आणि अडली तर लगेच कळवा, निघण्याआधी बदलून देते.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
प्रयोगशाळेतली मैत्रीण